पुणे–सातारा आणि गाडीचं ॲव्हरेज

पेट्रोल शंभरीपार गेलं आणि त्याच सुमाराला आईच्या गुडघ्यांमुळे माझ्या साताऱ्याच्या फेऱ्या वाढल्या. गाडी १.२ लिटरची पेट्रोल, जुनी पण ठणठणीत. डॅशबोर्ड १८ चं ॲव्हरेज दाखवायचा, खिसा मात्र वेगळंच सांगायचा. म्हणून आधी नीट मोजायला घेतलं. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी परत फुल करायची आणि जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचं. नोझल आपोआप कट झालं की तिथेच थांबायचं. पंपावरचा पोरगा "राउंड करू का, साहेब?" असं विचारतोच, त्याला नाही म्हणायचं, नाहीतर सगळा हिशेब बिघडतो. आकडा आला साडेपंधरा.

नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळं खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फुटत होतं. त्यात तथ्य आहेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात थोडा फटका बसतोच. पण तेवढ्याने अठराचे साडेपंधरा होत नाहीत.

मामा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. एसटीत दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर गाडी चालली ते बघतात, त्याला केपीटीएल म्हणतात. मामांचा सगळा जीव त्या आकड्यात. एका रविवारी त्यांना शेजारी बसवून पुण्याला निघालो. लिंबखिंड येईस्तोवर गप्प होते, मग म्हणाले, "फुडच्या ट्रकचं लाल दिवं लागल्यालं तुला दिसत न्हाईत व्हय? मग ॲक्सिलेटर कशाला दाबतोस? ब्रेकच मारायचाय की."

सगळी शिकवणी तिथून सुरू झाली. नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर नको, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर हवी. पुढे गर्दी दिसली की पाय उचलायचा आणि गाडी गियरमध्येच मंदावू द्यायची. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की आपण तिथे पोचेपर्यंत किमान दोन सेकंद जायला हवेत, पावसात चार. ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, हे गणित घरी येऊन मांडलं तेव्हा दोन सेकंदही कमीच वाटायला लागले. मधल्या जागेत कुणीतरी घुसतं, हे खरं. घुसू द्यावं. आपण परत थोडं मागे राहायचं.

उताराचा मुद्दा मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. न्यूट्रल टाकून गाडी सोडली की पेट्रोल वाचतं, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य असेलही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. खंबाटकी घाट चढून वेळे गावाकडे उतरताना मी तिसरा, वळणांवर दुसरा गियर ठेवतो. डॅशबोर्डवरचा क्षणाक्षणाचा ॲव्हरेजचा काटा तेव्हा शेवटच्या टोकाला जाऊन चिकटतो आणि ब्रेकला पाय लावायचं काम फारसं पडत नाही.

परतीला कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. इंजिन बंद झालं की एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असली तर गियरची अडवणूक नसल्याने सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. छोट्या गाडीतही इंजिन बंद असेल तर एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं होतं. त्या उतारावर मी डाव्या लेनच्या अवजड गाड्यांपासून लांब राहतो आणि आरशात बघणं सोडत नाही. मागून येणारा कुठल्या गियरमध्ये आहे, ते आपल्याला थोडंच कळणार!

वेगाबाबत मामांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं साठ. हायवेला साठ मला जमत नाही, मागून हॉर्नचा मारा होतो. शेवटी ८० वर तडजोड झाली. जुलै २०१९ नंतरच्या गाड्या ८० ओलांडल्यावर मधून मधून टिंग टिंग करतात आणि १२० च्या पुढे थांबतच नाहीत. माझी गाडी त्यानंतरची, तेव्हा टिंग वाजलं की पाय हलका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या मानाने १०० ला तो दीडपटीहून जास्त. वेळेचं म्हणाल तर मोकळ्या ऐंशी किलोमीटरात बारा मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढी तर आनेवाडी टोलनाक्यावर कधी कधी नुसती रांगेतच जातात.

टायरची हवा गाडी थंड असताना, घरून निघतानाच तपासावी. हवा किती हवी याचं स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतं. हवावाला सरसकट "पस्तीस टाकू?" म्हणतो, पण माझ्या गाडीला ३३ लागते. हवा कमी असली तर टायर जास्त दबतो, तापतो आणि उन्हाळ्यात फुटू शकतो. ॲव्हरेज जातं ते वेगळंच. शिवाय टपावरचं कॅरियर काढून टाकलं आणि डिकीत उगाच फिरणारी फरशीची खोकी उतरवली. मागच्या सीटवर आईलाही बेल्ट लावायला लावतो. ती दर वेळी कुरकुर करते आणि लावते.

हायवेच्या टाकीला आता साडेअठराच्या आसपास पडतं. ब्रेक पॅडही मेकॅनिकच्या अंदाजापेक्षा जास्त चालले. धायरी ते ऑफिस या रोजच्या रस्त्यावर मात्र बारा-तेराच्या पुढे आकडा हलत नाही. सिग्नलला जास्त वेळ थांबायचं असलं तर इंजिन बंद करतो, पण खरा फरक पडला तो सकाळी सातच्या आत निघायला लागल्यापासून.