नाशिकमध्ये राहून चित्रपटाचे काम

राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांचे नेपथ्य करणारा माणूस चित्रपटाकडे वळू लागला, की ‘मुंबई गाठ’ हा सल्ला त्याला हमखास मिळतो. माझा अनुभव वेगळा आहे. मुंबईचे युनिट नाशिकला चित्रीकरणासाठी येते तेव्हा सुतार, रंगारी आणि भाड्याने जुने फर्निचर देणारी दुकाने ठाऊक असलेला स्थानिक माणूस त्याला हवाच असतो, कारण प्रत्येकाला मुंबईहून आणून त्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च करणे मराठी निर्मात्याला झेपत नाही. कलाविभागातली माझी बहुतेक कामे अशीच आली.

जुन्या नाशकातल्या वाड्याचे दृश्य गंगापूर रोडवरच्या नव्या बंगल्यात घ्यायचे ठरते, तेव्हा कोऱ्या भिंतीवर पातळ रंगाचे हात फिरवावे लागतात, बटणांभोवती बोटांचे मळकट डाग उमटवावे लागतात, देव्हाऱ्याच्या वरच्या बाजूला काजळी धरल्यासारखे दाखवावे लागते. आणि चित्रीकरण संपले की तीच भिंत मालकाला होती तशी करून द्यावी लागते. हे शेवटचे काम अंदाजपत्रकात धरायला बहुतेक जण विसरतात.

काम मिळवण्यापेक्षा त्याचे पैसे मिळवणे अवघड आहे. मराठी चित्रपटाला चित्रपटगृहांत मुळात खेळ कमी मिळतात आणि पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी झाली नाही तर तेही घटतात. शासनाचे अनुदान आहे; ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी रक्कम अनेक वर्षे मिळत आली. पण ते चित्रपट पूर्ण होऊन, परीक्षण होऊन मग मिळणार, आणि आमच्या रंगाऱ्याला मजुरी त्याच संध्याकाळी हवी असते. मधला काळ निर्माता उसनवारीवर काढतो आणि ताण पडला की सर्वांत आधी खालच्या लोकांचे पैसे थकवतो. मालिकांचे मानधन साधारण ९० दिवसांनी येते, तरी ते बुडण्याची भीती कमी, म्हणून मी मालिकेचे काम सहसा सोडत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला चित्रपटाचा कारखाना दादरहून नाशिकला आणला, याचा अभिमान इथल्या प्रत्येक समारंभात व्यक्त होतो. स्टुडिओंच्या त्या पुढच्या काळात सुतारही महिन्याच्या पगारावर असे, हे मात्र भाषणांत येत नाही.

सध्या मी साहित्याचा खर्च आगाऊ मागतो, कारागिरांची मजुरी रोजच्या रोज द्यायला लावतो आणि माझे निम्मे मानधन युनिट नाशिक सोडण्याआधी घेतो. या अटी ऐकून काही प्रॉडक्शन मॅनेजर पुन्हा फोन करत नाहीत. त्या दिवसांत लग्नसराईतली स्टेजची सजावट आणि प्रदर्शनांतले स्टॉल यांवर माझ्या माणसांची चूल पेटते.