६०० ची नळी

गावच्या ओढ्यावरच्या मोरीत ६०० मिलिमीटरची एकच सिमेंटची नळी आहे, हे मला सरपंच होईपर्यंत माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्या मोरीवरून जात होते, पण खाली वाकून कोण बघतं?

आमचं गाव मांजरा खोऱ्यातलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमचा ओढाही त्या वर्षांत इतका आटला की लोकांनी त्याला मेलेला धरून त्याच्या पात्रात कडब्याच्या गंजी लावल्या. आणि २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढून इकडं सरकलं, तेव्हा त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले. मी सरपंच होऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. त्या रात्री तुराट्या, पऱ्हाट्या आणि बाभळीची एक अख्खी फांदी त्या नळीच्या तोंडाशी अडकली. रस्ता धरणाच्या भिंतीसारखा उभा, आणि पाणी मागं फिरून खालच्या आळीत, तिथून शाळेत. दोन दिवस हललं नाही. काढून ठेवलेलं सोयाबीन गंजीतच उगवून आलं.

पुढच्याच महिन्यात आराखड्याचं प्रशिक्षण होतं. ग्रामपंचायतीचा वर्षाचा विकास आराखडा, आम्ही सगळे त्याला जीपीडीपी म्हणतो. २ ऑक्टोबरपासून त्याची मोहीम चालते आणि ग्रामसभेने मंजूर केला की ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा. प्रशिक्षणात साहेबांनी पडद्यावर दाखवलं: २००८ सालचा हवामान बदलावरचा राष्ट्रीय कृती आराखडा, त्यातली आठ अभियानं, त्यावरून राज्यांनी केलेले आराखडे, आणि आता ही जबाबदारी गावापर्यंत आली. ‘अनुकूलन’, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, हा शब्द मी वहीत लिहून घेतला. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या गावच्या सरपंचांनी विचारलं, “ताई, म्हणजे नेमकं करायचं काय?” मी म्हटलं, “झाडं लावायची असतील.”

आणि तेच केलं. पहिल्या वर्षीच्या आराखड्यात हवामान बदलाच्या नावाखाली आम्ही वृक्षलागवड टाकली. भाऊसाहेबांनी पोर्टलवरच्या यादीत शोध शोध शोधलं, तिथं ‘हवामान’ असं काम सापडेना आणि वृक्षलागवड लगेच सापडली. (ग्रामसेवकांचं पदनाम आता बदललंय, पण आमच्याकडं ते भाऊसाहेबच.) खड्डे खणले, फोटो काढले, राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात टाकले. निम्मी रोपं शेळ्यांनी खाल्ली, उरलेली मेमध्ये वाळली. मोरी होती तशीच राहिली, आराखड्यात तिचा उल्लेखही नव्हता. पाणी गावात ज्या एका ठिकाणामुळं शिरलं, ते सोडून आम्ही बाकी सगळ्याचा विचार केला होता. याची लाज मला फार उशिरा वाटली.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ च्या आराखड्याच्या वेळी, नऊ संकल्पना आल्या होत्या. जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव वगैरे. शेजारचं गाव पोकराच्या यादीत होतं. हवामान अनुकूल शेतीच्या त्या प्रकल्पात तेव्हा १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं होती, आमचं नव्हतं. पण तिथल्या कृषी सहाय्यकांनी पाण्याच्या ताळेबंदाचा कागद मला दिला आणि हिशोब समजावला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. एवढं एक कळलं की बाकीचं घरखर्चासारखं आहे. शिवार किती हेक्टर, पाऊस किती, वाहून किती गेलं, पिकाला किती लागलं.

ते वाहून जाणारं पाणी बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. ताळेबंद वर्षाचा होता. आमचं दुखणं वर्षाचं नव्हतंच. आमच्याकडं वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यात तक्रार करण्यासारखं फारसं काही नाही. तक्रार अशी की तो चाळीस-पन्नास दिवस दडी मारतो आणि मग चार दिवसांत येऊन सगळी थकबाकी देतो.

म्हणून यावेळी मी ‘हवामान बदल’ हा मथळाच काढून टाकला. लोकांनी आधीच मागितलेली कामं एका कागदावर घेतली आणि प्रत्येकापुढं दोन प्रश्न लिहिले. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर हे काम टिकेल का? आणि दीड महिना पडलाच नाही तर हे काम उपयोगाचं राहील का?

६५ चा आकडा मुद्दाम. मराठवाड्यात तो पाचवीतल्या पोराला पण माहीत असतो, कारण महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडला तरच अतिवृष्टी धरतात. मंडळाचं पर्जन्यमापक आमच्यापासून नऊ किलोमीटरवर. आमच्या शिवारात ढगफुटी आणि तिथं ६१ असं झालं की पंचनाम्याचं घोडं अडतं. लोक त्या आकड्याला शिव्या घालतात, म्हणजे त्यांना तो कळतो. ‘अनुकूलन’ कुणाला कळत नव्हतं.

महिला सभेत या दोन प्रश्नांची जी उत्तरं आली ती पुरुषांच्या बैठकीत आली नसती. पाणी कुठं साचतं, किती वेळ राहतं, हंडा कुठून फिरवून न्यावा लागतो, हे बायांना पाठ. खालच्या आळीतल्या एका आजीने मला हाताला धरून तिच्या ओसरीत नेलं. भिंत दोनदा सारवली होती तरी २०२१ च्या पाण्याची रेघ खालून फुगून आली होती. मी टेप लावला. दोन फूट चार इंच. “लिही,” म्हणाली, “न्हाईतर परत म्हनशील म्हातारी वाढवून सांगती.”

शाखा अभियंत्यांकडं गेले ती ही रेघ घेऊन. त्यांनी मोरीच्या आधीच्याच अंदाजपत्रकाची नक्कल काढली होती: जुनी नळी फुटलीय, तीच ६०० ची नवी टाकायची. मी म्हटलं, मोठी टाका. ते म्हणाले, “ताई, कशाच्या आधारावर? उद्या तपासणीत मला विचारतील.” मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. माझ्याकडं आजीची भिंत होती, कागद नव्हता.

मग कृषी खात्याच्या महारेन संकेतस्थळावरून आमच्या मंडळाचा रोजचा पाऊस काढला. भाच्याला बसवलं आणि चार पावसाळ्यांतले ६५ च्या वरचे सगळे दिवस पिवळ्या स्केचपेनने रंगवले. ओढ्याला किती शिवाराचं पाणी येतं ते तलाठ्यांच्या नकाशावरून मांडलं. दुसऱ्या खेपेला साहेबांनी कागद चाळले आणि पहिल्यांदाच मला खुर्ची दिली.

त्या तासाभरात मी जे शिकले ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकले नव्हते. नळीचा व्यास दुप्पट केला, ६०० ची १२०० घेतली, की तोंड चौपट होतं. खर्च मात्र चौपट होत नाही, कारण खोदाई, बेड, दोन्हीकडच्या भिंती हे सगळं तसंही करावंच लागतं. मी लगेच १२०० म्हणाले. साहेब हसले. १२०० ची नळी टाकली की तिच्यावर मुरमाचा थर हवा, म्हणजे रस्ता तेवढा वर उचलायचा, दोन्ही बाजूंना लांबपर्यंत भराव घालायचा, आणि मग उचललेला रस्ताच वरच्या आळीचं पाणी अडवणार. त्यापेक्षा ९०० च्या दोन रांगा. तोंड जुन्याच्या साडेचारपट, रस्ता फारसा उचलायला नको. तोटा एकच, बारीक तोंडं लवकर तुंबतात. म्हणून मे महिन्यात ओढा साफ करण्याचं वेगळं काम आराखड्यात घ्यायचं आणि ते दरवर्षी घ्यायचं.

खरी लढाई पैशांची होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत तेव्हा ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. उरलेल्या ४० टक्क्यांवर सगळ्या सदस्यांचा डोळा, कारण त्यातूनच दारापुढं पेव्हर ब्लॉक बसायचे. मोरी त्यातच बसत होती. शाळेच्या छतावरचं पाणी टाकीत घेण्याचं काम मी बंधितमध्ये ढकललं, पाऊसपाणी संकलन त्यात चालायचं. पण एक गल्ली कापावीच लागली. त्या गल्लीतलं एक घर आजही मला हळदीकुंकवाला बोलवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं, पाऊस न पडण्याचं, उत्तर मात्र आम्हाला जमलं नाही. ताळेबंद चावडीच्या भिंतीवर रंगवला. सोयाबीनच्या तिपटीने पाणी ऊस पितो हे आकड्यांत लिहिलं. लोकांनी वाचलं, मान डोलावली आणि ऊस लावला. सोयाबीनला भाव नाही आणि कारखान्याचं बिल उशिरा का होईना येतं, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कुणी काय पेरावं हे ग्रामसभा ठरवू शकत नाही. एक ठराव तेवढा झाला: पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर नाही. तो कायदा आधीपासूनच होता, आम्ही फक्त खांब रोवून हद्द दाखवली. त्यातले दोन खांब कुणीतरी उपटले.

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, हप्ता, पुन्हा दुरुस्ती. तोवर २०२३ चा ऑगस्ट आला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ओढ्यात धूळ उडत होती आणि काठावर ९०० च्या नळ्या येऊन पडल्या होत्या. पोरं त्यात लपाछपी खेळायची. पारावरून टोमणे यायचे, “सरपंचबाई, नळ्यातून काय वारा सोडायचाय का?” काम २०२४ च्या मेमध्ये पुरं झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात धो धो झाला. मी रात्री दोनदा टॉर्च घेऊन गेले. दोन्ही नळ्या भरून वाहत होत्या, रस्ता वर होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मात्र त्याही कमी पडल्या आणि पाणी रस्त्यावरून गेलं. पण दुपारपर्यंत उतरलं, आणि शाळेच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं.

खाली दीड किलोमीटरवर पुढच्या गावची मोरी आहे. तिथं अजून ६०० चीच एक नळी. आम्ही सोडलेलं पाणी तिथं तुंबतं आणि फुगून आमच्याच तीन शेतकऱ्यांच्या रानात शिरतं. दोन गावांनी मिळून एक काम घ्यायचं म्हटलं की दोन आराखडे, दोन ठराव, दोन मासिक सभा. पंचायत समितीत चार खेपा झाल्या. तिथल्या सरपंचांनी, तेच ते प्रशिक्षणातले, माझी पिवळ्या रेघांची फाइल नेऊन झेरॉक्स केली. २०२५ चं पान त्यांनीच जोडलं.

आमची मुदत संपली तेव्हा मी ती फाइल दप्तरात जमा केली. आतल्या पुठ्ठ्यावर ते दोन प्रश्न चिकटवले होते. नवीन आलेल्या भाऊसाहेबांनी ते वाचले, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “हे चांगलंय ताई, पण कुठल्या लेखाशीर्षाखाली धरू?”