तलफच आली नाही हो मॅडम

तंबाखू-सिगरेट सोडणाऱ्यांचं समुपदेशन हे माझं काम, हॉस्पिटलमधेच बसते, आणि 'सोडली पण मला काहीच त्रास झाला नाही' हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. त्यातले काहीजण दिवसाला दोन-तीनच ओढणारे असतात, तीही रोज नाही, त्यांच्या शरीराला निकोटिनची तेवढी सवय जडलेलीच नसते, त्यामुळे त्यांचं खरंच असतं. बाकीचे बहुतेक अजून लपून ओढत असतात. म्हणून त्या दिवशी न्यूरोच्या वॉर्डातून फोन आला की पेशंट जुना स्मोकर आहे पण विथड्रॉवलचं, म्हणजे सिगरेट सुटल्यावर होणाऱ्या त्रासाचं, काहीच दिसत नाहीये, जरा बघून जा, तेव्हा मी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं मशीन बरोबर घेऊनच निघाले.

काका साठीतले, स्ट्रोक होऊन ११ दिवस झालेले. त्याआधी रोज दोन पाकिटं, चाळीसेक वर्षं, आणि सकाळची पहिली तर अंथरुणात बसूनच. निकोटिनचं व्यसन किती घट्ट आहे ते बघायला आमच्याकडे फागरस्ट्रॉम नावाची ६ प्रश्नांची चाचणी असते, १० पैकी मार्क, उठल्यापासून ५ मिनिटांत ओढत असाल तर तिथेच ३ मिळतात. काकांचे ९ झाले. अशा माणसाचं पुढे काय होतं ते मला पाठ आहे, रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, पहिल्याच दिवशी चिडचिड सुरू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, झोप नाही, कशात लक्ष नाही, सारखी भूक, आणि हे सगळं निवळायला तीन-चार आठवडे जातात. फाइल बघितली, निकोटिनचा पॅच नाही, गम नाही, त्यासाठीची कुठलीच गोळी नाही.

तोंड डावीकडून थोडं वाकडं झालेलं, मशीनची नळी ओठात नीट धरता येईना, मग काकूंनीच दोन बोटांनी त्यांचा ओठ नळीवर दाबून धरला. १५ सेकंद श्वास रोखून फुंकर मारली, आकडा आला १, म्हणजे इतक्यात ओढलेली नाही. या मशीनवरून फार तर गेल्या दिवसभराचं कळतं, पण काकूच म्हणाल्या की मागे एका ऑपरेशनच्या वेळी हे सलाइनचा स्टँड ढकलत जिन्यात जाऊन ओढून आले होते, आणि या वेळी एकदाही विषय काढला नाही.

"सोडली असं नाही हो मॅडम," काका सावकाश म्हणाले, "तलफच आली नाही. काल शेजारच्यांना भेटायला एकजण आला, कपड्यांना वास मारत होता, एरवी मी त्याच्या मागे बाहेर गेलो असतो. काही वाटलंच नाही."

बाकी माणूस सगळ्यात होता, जेवण नीट जात होतं, डिस्चार्ज कधी म्हणून डॉक्टरांच्या मागे लागत होता, म्हणजे मन मरगळलंय म्हणून इच्छा गेली असंही नाही. मग तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय उघडून दाखवला. उजव्या बाजूला, कानाच्या वर, मेंदूच्या खोल घडीत जो इन्सुला नावाचा भाग असतो तिथे इजा झाली होती. शरीराच्या आत काय चाललंय, छातीत धडधडतंय, घसा मागतोय, ते जाणवून देण्यात या भागाचा मोठा वाटा. २००७ साली सायन्स या शोधपत्रिकेत यावर संशोधन आलं होतं, मेंदूला इजा झालेल्या ६९ स्मोकर्सपैकी १९ जणांचा इन्सुला दुखावलेला, त्यातल्या १३ जणांनी सिगरेट सोडली आणि त्यातल्या १२ जणांची तर झटक्यात, विनासायास आणि तलफ न येता सुटली. वाचलेलं होतं, पण असं माणूस समोर बसून सांगतंय हे पहिल्यांदाच, अंगावर काटा आला.

आणि तेवढ्यात काका पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, "बघ, माझी सुटली की नाही? आणि तू तीन दिवसांत रडकुंडीला आलायस. मनात असावं लागतं."

वडिलांचं बघून त्यानेही सोडायला घेतलं होतं, त्याचा नेमका तिसरा दिवस. हातातल्या पेनाचं टोपण तो काढत होता, लावत होता, परत काढत होता. काही बोलला नाही.

मला ते सहनच झालं नाही. म्हटलं काका, तुमच्या मनाने यात काही केलेलं नाही, जिथून तलफ उठते तो भागच दुखावलाय, त्याचा सगळा धडधाकट आहे, तुम्हाला जे कळतच नाहीये ते त्याला मिनिटामिनिटाला कळतंय, आणि तरी तो तीन दिवस थांबलाय. तो कमकुवत नाही हो.

काका बराच वेळ गप्प. मग चालत्या हाताने पलंगावर थोपटलं, "बस इथे. खूप होतंय का रे?"

तो बसला आणि रडलाच.

नंतर त्याला बाहेर नेऊन ४ मिलिग्रॅमचा गम कसा वापरायचा ते दाखवलं, उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्याला तोच देतो आम्ही. सावकाश चावायचा, जिभेला झोंबायला लागलं की गालात धरून ठेवायचा, झोंबणं कमी झालं की परत चावायचा, बहुतेक लोक च्युइंगमसारखा भराभरा चघळतात आणि मग उचकी लागते, मळमळतं, म्हणून टाकून देतात. दुसऱ्या आठवड्यात त्याने एकदा ओढली, फोन करून सांगितलं, परत सुरुवात केली. शेवटचा फोन आला तेव्हा पाचवा महिना चालू होता, आणि मागून काका विचारत होते, मॅडमना सांगितलंस का, काल रात्री नीट झोपलास ते.