मशीन चालू, बूट ओले

पावसाळ्यात साताऱ्यात सोल सुटलेले बूट दुरुस्तीला येणं नेहमीचंच. यवतेश्वर घाटात पळणारी पोरं आणि रोजचा पाऊस, दुसरं काय होणार? पण त्या दिवशी पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीच्या वसतिगृहातून पोतंभर बूट आले. पळून सुटलेला सोल वाकतो त्या जागी, एका कडेनं उघडतो. हे मात्र पंज्यापासून टाचेपर्यंत सरळ उलगडलेले. सोल्यूशनचा थर कुठंही फाटलेला नव्हता, आणि मधला फोमचा थर कडेला आक्रसून चकाकत होता. काम उष्णतेचं होतं.

"मामा, रूम हीटरपुढं ठेवलेले. बूट वाळवायचं मशीन आणलंय, पण रात्रभर चालवलं तरी बूट ओलेच," सोबतचा पोरगा म्हणाला.

मशीन न बघता सोल लावले असते तर तेच बूट पुन्हा आले असते. म्हणून आधी वसतिगृहावर गेलो.

मशीन चार नळ्यांचं, खाली पंखा आणि कॉइल. नळीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, तर चाळीसच्या आसपास. अगदी बरोबर. त्यात दोष नव्हता, दोष खोलीत होता. जिन्याखालची कोठी, खिडकी बंद, दोरीवर ओले गणवेश आणि भिंतींना घाम. बाहेरची २४ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांवर नेली की तिची आर्द्रता ३८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून तर भर पावसातही हे मशीन चालतं. पण बंद कोठीत बुटातून निघालेली वाफ तिथंच राहते आणि पंखा तीच हवा पुन्हा ओढतो. मशीन बोळातल्या उघड्या खिडकीजवळ हलवलं, पाऊस आत येणार नाही एवढं अंतर ठेवून.

दुसरी गोष्ट, बूट थेट नळीवर पालथे घातलेले. पाणी नळीतून खाली ब्लोअरवर उतरतं. ब्लोअरच्या जाळीवर चिखलाचा ओघळ स्पष्ट दिसत होता. मधूनमधून ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायचा तो यामुळंच, आणि त्याला बायपास करायचा विचार कुणी करू नये.

पोरांसमोरच एक जोड लावून दाखवला. चिखल साध्या पाण्यानं धुतला, लेस काढली, आतली गादी काढून वेगळी ठेवली. गादी आत राहिली तर तिच्याखालचं पाणी सुटतच नाही. मग वर्तमानपत्राचे बोळे पंज्यापर्यंत कोंबले, अर्ध्या तासानं बदलले. थेंब गळायचे थांबल्यावरच बूट नळीवर चढवला, जीभ पुढं ओढून, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट राहते.

वाळला की नाही हे हातानं कळत नाही, पंजा आतून फसवतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला. अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा तेच वजन आलं की बूट वाळला. एका जोडात ३०० ग्रॅम पाणी धरलं, तर ते उडवायला साधारण ०.२ युनिट वीज लागते. त्यामुळं पंखा नसलेलं ४० वॉटचं छोटं मशीन घेतलं तर हिशेबानंच पाच तास, प्रत्यक्षात अख्खी रात्र जाते. त्याला मंद म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही.

हीटरचं नुकसान का, हेही पोरांना सांगितलं. सोल चिकटवताना सोल्यूशन सुकवून साधारण साठ अंशांना पुन्हा जागं करतात आणि मग दाबतात. हीटरपुढं वीतभर अंतरावर बूट तेवढा सहज तापतो, मग जोड उघडणारच. परेडच्या चामडी बुटांना तर ४० अंशही शेवटपर्यंत नकोत. निम्मे वाळले की कॉइल बंद करून नुसता पंखा ठेवावा आणि किंचित ओल असतानाच पॉलिश चोळावं. नाहीतर चामडं कडक होऊन घडीवर तडकतं.

पोत्यातले दोन जोड परत दिले. त्यांचे पीयूचे (पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचे) सोल दमट हवेत जुने होऊन भुगा झालेले, त्याचा मशीनशी किंवा हीटरशी संबंध नव्हता. बाकीचे घासून, नवं सोल्यूशन लावून प्रेसखाली ठेवले. नेताना पोराला एवढंच बजावलं, की उद्या संध्याकाळपर्यंत हे बूट पावसात घालायचे नाहीत आणि मशीनवरही चढवायचे नाहीत.