धनत्रयोदशीची सांज

आज आश्विन वद्य त्रयोदशी. तिन्हीसांजेला कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून उंबऱ्याबाहेर ठेवला, धन्वंतरीच्या तसबिरीपुढे धणे-गुळाचा नैवेद्य दाखवला आणि नेहमीप्रमाणे 'शुभं करोति कल्याणम्, आरोग्यं धनसंपदा' म्हणू लागले; पण शेवटच्या शब्दाशी आवाज अडला.

श्रावणात ह्यांची बायपास झाली. आदल्या रात्री मी देवाजवळ फक्त ह्यांचे प्राण मागितले होते आणि दुसरे काही मागणार नाही असे म्हटले होते. प्राण वाचले. त्या खर्चात मुदत ठेव मोडली, सासूबाईंच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या, आणि आज पूजेच्या ताम्हनात ठेवायला चार नाणीच उरली, तेव्हा मनात पहिली इच्छा आली ती पाटल्या लवकर सुटून येऊ देत, ही. मला फार लाज वाटली.

लहानपणी कीर्तनाच्या शेवटी तुकोबांचे 'हेंचि दान देगा देवा' ऐकत असे. घरी दिव्यापाशी जी धनसंपदा मागायला शिकवली, तीच त्या अभंगात 'न लगे' म्हणून नाकारलेली आहे. पण १६३०च्या दुष्काळात ज्यांची पत्नी अन्न अन्न करीत गेली, त्यांचा तो नकार आहे. दरमहा औषधांचा हिशेब मांडणाऱ्या मला तो उसना घेता येणार नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, त्यांत दुःखाने गांजलेला आर्त आहे आणि धनाची इच्छा धरणारा अर्थार्थीही आहे, आणि दोनच श्लोकांनंतर भगवंत त्या सगळ्यांनाच उदार म्हणतात. या वर्षात मी आर्त होते, आता अर्थार्थी आहे. मागण्यात पाप नाही, असे मला आज मनापासून वाटते.

मला सलते ते वेगळेच आहे. आमच्या एका आप्तांनी रुग्णालयातच 'कुळाचाराचे काही राहून गेले असेल' असे म्हटले, आणि हे घरी आल्यावर 'तुमची श्रद्धा फळाला आली' असेही म्हटले. ही दोन्ही वाक्ये मला सारखीच कठोर वाटतात. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची पत्नी रात्ररात्र जप करीत बसलेली मी पाहिली आहे, आणि तरी ते गेले. तिची श्रद्धा माझ्याहून उणी होती, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? श्रद्धेला आरोग्याची आणि पैशाची किंमत ठरवून दिली, की जिचे माणूस गेले तिच्या पदरात दुःखाबरोबर दोषही येतो.

पाटल्या सुटल्या तर अमुक करीन, असा नवस ओठांवर आला होता. तो बोलले नाही. श्लोक मात्र धनसंपदेसकट पूर्ण म्हटला, आणि ह्यांच्या हातावर चिमूटभर धणे-गूळ ठेवला.

त्या बाईंच्या घरी यंदा दिवाळी नाही. त्यांचा क्रमांक माझ्याजवळ आहे. उद्या सकाळी त्यांना फोन करायचा आहे.