पीआरपी करताय? मग ट्यूबवरचं नाव आधी वाचा

लग्नसराई जवळ आली की मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात, पीआरपी करू का गं, ते सॅल्मनवालं इंजेक्शन कसंय, एक्सोसोम घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेसाठी वापरलेलं तुमचंच रक्त. साधारण १० ते २० मिली काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, लाल पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट्सवाला (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींचा) पिवळसर प्लाझ्मा चेहऱ्यात टोचतात, नाहीतर मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला टोचे, करून वरून लावतात. सुयांच्या बारीक जखमा भरायला त्वचा स्वतःच कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) बनवते, प्लेटलेट्समधले ग्रोथ फॅक्टर्स त्याला जोर देतात. पण कोलॅजन एका रात्रीत बनत नाही, महिन्याच्या अंतराने ३-४ सिटिंग लागतात आणि फरक हळूहळू दिसतो, त्यामुळे लग्न १५ दिवसांवर आल्यावर सुरू करू नका प्लीज. पिंपल्सचे पसरट खड्डे बऱ्यापैकी भरतात, आईसपिकवाले, म्हणजे अरुंद टोचल्यासारखे, खोल खड्डे मात्र यानं फारसे हलत नाहीत, त्यांना टीसीए क्रॉस (खड्ड्यात थेट अ‍ॅसिड लावायची ट्रीटमेंट) वगैरे वेगळं करावं लागतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला लेसरनं काळे डाग पडायची भीती जास्त, यात ती कमी, म्हणून मला ही ट्रीटमेंट आवडते. सनस्क्रीन मात्र हवंच.

खरी काळजी वाटते ती स्वस्तातल्या पॅकेजेसची. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका लायसन्स नसलेल्या स्पात व्हॅम्पायर फेशियल, म्हणजे हेच पीआरपी आणि मायक्रोनीडलिंग, करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. २०१८ मध्ये तपास सुरू झाला, २०२४ मध्ये सीडीसीनं (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) रिपोर्ट दिला. तिथे रक्ताच्या ट्यूबवर नावंच नव्हती, आणि काही ट्यूब तर किचनच्या फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंसोबत ठेवलेल्या! वाचून अंगावर काटाच आला माझ्या. म्हणून सांगते, रक्त काढल्या काढल्या ट्यूबवर तुमचं नाव लिहिलंय का बघा, सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, लाजू नका.

सॅल्मनवालं म्हणजे माशाच्या डीएनएपासून शुद्ध केलेले पॉलीन्यूक्लिओटाइड्स, माशांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. एक्सोसोमला (पेशींमधून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण) मात्र मी सध्या सरळ नाहीच म्हणते, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याचं एकही प्रॉडक्ट मंजूर केलेलं नाही, त्यामुळे कुणी ऑफर दिली तर बाटली कुठली, कशापासून बनवलीय हे विचारा, आणि समोरचा स्किनचा डॉक्टर आहे की नाही हे रजिस्ट्रेशन नंबरवरून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघून घ्या.