टायर ठरवायच्या आधी माती बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या नकाशावर पावसाची रेघ ओढली, तर साधारण तीच मातीची रेघ निघते. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी: तांबडा जांभा, उघडे सडे, काजू, भात. पूर्वेला पारिश्वाड-इटगीकडं सरकलं की माती काळी होत जाते आणि ऊस दिसायला लागतो. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि हे दोन्ही मुलूख पार करून सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात जाते. ग्रॅव्हल बाईकसाठी, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलीसाठी, या नदीचं खोरं हा आपल्या भागातला सगळ्यात चांगला मुलूख. एकच अट: एका मातीसाठी लावलेली सायकल दुसऱ्या मातीत तशीच न्यायची नाही.

हंगाम दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. त्याआधी परतीचा पाऊस बांधांना ओलं ठेवतो आणि भात उभं असतं. कापणी झाली की शिवारातल्या गाडीवाटा मोकळ्या होतात. मार्चपासून ऊन नऊ वाजताच चटके देतं. पावसाळ्यात पश्चिमेचा भाग देखणा दिसतो हे खरं, पण जांभ्याच्या सड्यावर शेवाळ धरतं. त्यावर कुठल्याही टायरची पकड राहत नाही, अगदी नवीन टायरचीसुद्धा.

आता हवा. स्वार सत्तर किलोच्या आसपास आणि टायर 40 मिमी रुंद आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर जांभ्यावर हवेचा दाब पुढं 30, मागं 34 पीएसआय. 45 मिमी असेल तर दोन्हीकडं तीन-चार कमी. आत ट्यूब असेल तर आठ-दहा जास्त भराच, नाहीतर दगडाच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला जोडीनं दोन भोकं पडतात. जांभ्याची खडी गोल गोळ्यांसारखी असते आणि खालचा थर टणक, त्यामुळं उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक गोळ्यांवरून निसटतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेकला हात नको.

पूर्वेला काट्यांचं राज्य. बाभूळ तर आहेच, शिवाय कापणीनंतर शेतकरी जनावरं अडवायला बांधावर काटेरी फांद्या टाकतात. ट्यूबलेसमध्ये प्रत्येक टायरात निदान 60 मिली सीलंट (भोक बुजवणारं द्रव) हवं. उन्हाळ्यात ते दोन-अडीच महिन्यांत सुकतं, आणि हे बाहेरून बघून कळत नाही. काटा उपसल्यावर भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा. भागलं नाही तर भोकात रबरी प्लग खुपसा. एक ट्यूब तरीही सोबत हवीच. ती बसवायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून उरलेले काटे काढा, नाहीतर दुसरं पंक्चर पाच मिनिटांत.

पण काळ्या मातीचा खरा त्रास काट्यांचा नाही, चिखलाचा आहे. एक सर पडून गेली तरी ही माती चाकाला थरावर थर चिकटते आणि फोर्कच्या आत घट्ट बसते. त्यात पाचट किंवा गवत मिसळलं की गोळा डिरेलरपर्यंत, म्हणजे मागं गिअर बदलणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोचतो. अशा वेळी पायडलवर जोर दिला तर चेन डिरेलरला स्पोक्समध्ये ओढते आणि डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर मोडतो. हँगर सायकलीगणिक वेगळा असतो, गावात मिळणार नाही. तुमच्या मॉडेलचा एक जादा घेऊनच निघा. चिखल चिकटायला लागला की उतरा, सायकल उचला, कडेच्या गवतावरून चाला आणि काठीनं माती खरवडा. पाणी ओतून उपयोग नाही, ती आणखी चिवट होते. दोन दिवस कडक ऊन पडलं की त्याच वाटेवर सिमेंटसारखी चाकोरी होते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरलं तर पायडल दोन्ही बाजूंना आपटतात. मधल्या उंचवट्यावरून चालवा.

ही माती बघायला लांब जायला नको. बेळगावच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं बासमतीचं आणि मसुराचं शिवार काळंच आहे, आणि त्याच्या टोकाला येळ्ळूरचा राजहंसगड. अर्ध्या दिवसात दोन्ही प्रकारची जमीन चाकाखाली येते. गडावर डांबरी रस्ता जातो. चढ तीव्र आहे, त्यामुळं चेनच्या पुढच्या चकतीला 40 आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 42 दात असतील तर गुडघे वाचतात.

पूर्ण दिवसाचा मार्ग खानापूर-नंदगड-हलशी-देगाव-कित्तूर. खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, तिथून सकाळी सुरुवात करा. नंदगडला 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलं गेलं. बाटल्या इथं भरून घ्या. हलशी म्हणजे कदंब राजांच्या काळातली पलाशिका. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, बघायला अर्धा तास द्या. खानापूर ते हलशी सरळ रस्त्यानं सुमारे 14 किमी, पण शिवारातून वाटा धरल्या तर जास्त पडतं.

पुढं कमलनारायण मंदिराच्या देगावसाठी एक सावधगिरी. नकाशात देगाव दोन आहेत. हे कित्तूरजवळचं, तर दुसरं भीमगडच्या जंगलात, म्हादईच्या उगमाकडं. फोनला नुसतं देगाव सांगितलं तर तो तुम्हाला जंगलात पाठवू शकतो. ‘कमलनारायण’ असंच शोधा. कित्तूरच्या बाजूला कन्नड कामाला येतं: ‘ई दारी एल्लिगे होगुत्ते?’ म्हणजे ही वाट कुठं जाते.

नदी ओलांडायला कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे सोयीचे. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि वरून पायवाट मिळते. कठडा नसतो, उतरून सायकल ढकला, आणि वरून पाणी वाहत असेल तर पातळ दिसलं तरी जाऊ नका. चाक बुडेल इतक्या पाण्यातून गेलात तर घरी आल्यावर हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या आसाचा भाग) उघडून ग्रीस बघा.

जांबोटीच्या पलीकडं फोनला रेंज नाही असंच धरून चाला. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. गवे लांबून दिसले तर थांबा, त्यांना जाऊ द्या. अस्वलाचं मात्र वेगळं: पहाटे आणि संध्याकाळी वारुळांजवळ अचानक गाठ पडते, आणि ग्रॅव्हल बाईकचा आवाज होत नाही. म्हणून जंगलाकडेच्या वाटांवर घंटी वाजवत चालवा आणि उजेड असेपर्यंत बाहेर पडा.

खाण्याला करदंटाचे (सुकामेवा-गुळाच्या वडीचे) दोन तुकडे पाठीच्या खिशात ठेवा, उन्हात चॉकलेटसारखे वितळत नाहीत. चेनला कोरडं किंवा मेणाचं वंगण वापरा. ओल्या तेलात जांभ्याची धूळ बसली की सॅंडपेपर तयार होतो आणि चेनबरोबर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) जाते. चेनचा ताण, म्हणजे झिजून वाढलेली लांबी, 0.5 टक्क्यावर गेला की चेन बदला. ब्रेकचे रेझिनचे पॅड ओल्या तांबड्या चिखलात लवकर झिजतात, तिथं मेटॅलिक लावा. ते करकरतात, पण उतार संपेपर्यंत टिकतात.